चौदा हजार एक

"इंदूअक्का, आपलं पर्यावरण धोरण काय आहे?" धुमाळसाहेबांनी विचारलं.

इंदूअक्कांनी डोळे मिटले. "आम्ही पर्यावरणाच्या रक्षणासाठी कटि... कटि..."

"कटिबद्ध," मी हळूच सांगितलं.

"तेच ते. कंबरेचं काहीतरी."

मागच्या बायका खिदळल्या. साहेब खिदळले नाहीत. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू इंदूअक्कांची कंबर माझ्या खात्यात येते.

"शेडगेबाई, परवा ऑडिटर येतोय. सत्तरच्या सत्तर माणसांना हे पाठ पाहिजे. झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे."

"झोपेतच म्हणायचं असंल तर आत्ताच येतंय," इंदूअक्का म्हणाल्या आणि तोट्या धुवायला निघून गेल्या.

ही गोष्ट दोन हजार चार सालच्या फेब्रुवारीतली. साताऱ्याकडच्या एका औद्योगिक वसाहतीत आमचा 'धुमाळ फिटिंग्ज' हा कारखाना होता. तिथे बाथरूमच्या तोट्या बनत. पितळेची तोटी ओतायची, घासायची, क्रोमच्या हौदात बुडवून आरशासारखी चकचकीत करायची आणि मग साध्या पाण्याने धुवायची. एक जर्मन कंपनी आमचा सगळा माल घ्यायला तयार होती. अट एकच. कारखान्याकडे आयएसओ चौदा हजार एकचं प्रमाणपत्र पाहिजे.

चौदा हजार एक. आहेराच्या पाकिटावर लिहावा तसा आकडा. पण मागणं तसं साधं होतं. तुमच्या कामामुळे आजूबाजूच्या पाण्याचं, हवेचं, जमिनीचं काय होतं ते शोधा, लिहून ठेवा, कमी करा, आणि कमी केलंय हे दाखवा. साहेबांनी यातलं शेवटचं तेवढं मनावर घेतलं होतं.

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. रसायनशास्त्रातली बी.एस्सी., वैजयंती शेडगे. माझं मुख्य काम तोट्यांवरचे चरे शोधायचं. पण कुणाला तरी 'व्यवस्थापन प्रतिनिधी' नेमावं लागतं असं कळल्यावर ऑफिसातले बाकीचे तिघे त्या मीटिंगला आलेच नाहीत, आणि मी गेले. अशी मी पर्यावरणाची जबाबदार झाले.

फायली तयार करून द्यायला सोमण नावाचे एक सल्लागार होते. त्यांनी पुण्याहून एक भलं जाड बाड आणून दिलं. आधी ते बाड एका बिस्किटाच्या कारखान्यासाठी लिहिलेलं असावं. सोमणांनी सगळीकडे नाव बदललं होतं, पण तिसऱ्या प्रकरणात मैद्याची धूळ उडू नये म्हणून काय काळजी घ्यायची ते दोन पानं तसंच राहिलं होतं. आमच्याकडे मैदा म्हणजे फक्त कॅन्टीनचा समोसा.

बाड इंग्रजीत होतं. कामगारांना कळेल अशा भाषेत सूचना द्याव्यात, असंही त्यातच लिहिलेलं. म्हणून मी तेरा पानांची एक मराठी पुस्तिका केली आणि तिच्या झेरॉक्स वाटल्या. पान सातवर मी लिहिलं होतं : 'टाकीवर जे घडेल ते त्याच दिवशी नोंदवहीत लिहावे. नोंद खोडू नये. पान फाडू नये.' हे लिहिताना माझ्या मनात फार उदात्त काही चाललं होतं असं समजू नका. माझ्या एका हातात समोसा होता.

टाकी म्हणजे सांडपाण्याची टाकी. तोट्या धुतल्यावर जे पिवळं पाणी निघतं, त्यात क्रोम असतं आणि ते विषारी असतं. ते टाकीत घ्यायचं, त्यात औषध घालायचं, मग चुना घालायचा. गाळ खाली बसतो. वरचं नितळ पाणी तपासून ओढ्यात सोडायचं. टाकीवर जोतीराम खिलारे नावाचे पंचावन्न वर्षांचे गृहस्थ होते. चौथी शिकलेले. सगळे त्यांना जोतीरामकाका म्हणत. ते कुणाशी फार बोलत नसत. कॅन्टीनमध्ये बसतही नसत. टाकीच्या कठड्यावर भाकरी सोडून जेवत.

बाहेर सोडायच्या पाण्याची आम्लता, म्हणजे पीएच, रोज मोजणं हे माझं काम. सातच्या आसपास असली म्हणजे ठीक. पहिला आठवडा मी इमानदारीत गेले. पण टाकी आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, वाटेत वॉचमनचं कुत्रं, आणि वास असा की डबा जाईना. दुसऱ्या आठवड्यापासून मी टेबलावरूनच मोजायला लागले. सात पूर्णांक दोन. सात पूर्णांक एक. सात पूर्णांक दोन. मधूनच एखादा सात पूर्णांक चार टाकायचा, नाहीतर लोकांना खोटं वाटतं.

जोतीरामकाकांची नोंदवही दर शनिवारी माझ्याकडे यायची. बाकीच्या दहा वह्यांबरोबर तिच्यावरही मी 'पाहिले' असं लिहून सही ठोकायचे. अकरा सह्यांना मला दीड मिनिट लागायचं.

ऑडिटच्या आदल्या दिवशी साहेबांचा हुकूम आला की सगळ्या वह्यांना सारखी खाकी कव्हरं घाला. मी कव्हरं घालत बसले. काकांची वही जरा फुगली होती, म्हणून पानं सरळ करायला उघडली. आणि ऑक्टोबरपासून पहिल्यांदाच त्या वहीतलं एक वाक्य वाचलं.

'ता. १४ ऑक्टोबर. दुपारी सव्वातीन. टाकी भरून वाहायला लागली. साहेबांनी फोनवर सांगितले हिरवा व्हॉल्व्ह उघडा. उघडला. वीस मिनिटे. पाणी पिवळे, तसेच ओढ्यात गेले.'

खाली सही. माझी. पाहिले.

मी पान उलटलं. 'ता. ४ नोव्हेंबर. हिरवा व्हॉल्व्ह उघडला. अर्धा तास. माळवाडीच्या दोन म्हशी पाण्यात होत्या. पळत जाऊन हाकलल्या.' पाहिले. 'ता. २३ डिसेंबर. हिरवा व्हॉल्व्ह. खाली बायका धुणे धूत होत्या. उद्या या म्हणून सांगितले. का विचारले तर काय सांगावे कळेना.' पाहिले.

अशा चौदा नोंदी होत्या. प्रत्येकीत साहेबांचा फोन, प्रत्येकीत पिवळं पाणी, आणि त्या आठवड्याच्या शेवटी माझी झोकदार सही, शेवटच्या अक्षराला फाटा मारलेली. माळवाडी म्हणजे ओढ्याच्या खालच्या अंगाची वस्ती. तिची विहीर ओढ्याला लागूनच होती.

मी वही घेऊन टाकीवर धावले. कुत्रं भुंकत होतं, त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"काका, हे काय लिहिलंय?"

त्यांनी वहीत डोकावून बघितलं. "जे झालं ते."

"पण असं कुणी लिहितं का?"

"तुम्हीच सांगितलं न्हवं? पान सात."

"अहो, उद्या ऑडिटरने हे वाचलं तर साहेब अडकतील. मी अडकेन. ऑर्डर जाईल. सत्तर माणसं घरी बसतील."

"बसतील की," काका म्हणाले. "त्यात मी बी बसंन. मी सत्तरातलाच हाय."

मी वही घेऊन साहेबांकडे गेले.

साहेबांनी दोन पानं वाचली, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि परत वाचली. "हा गडी लेखक कधीपासून झाला?"

"त्याला आपणच वही दिली होती, साहेब."

"वही दिली म्हणून लिहायचं? उद्या करवत दिली तर माझा पाय कापेल." त्यांनी वही माझ्याकडे फेकली. "जाळा ही. नवीन करा. सगळं नीट, टाकी साफ, पाणी नितळ. आणि सही त्याचीच घ्या. आणि उद्या त्याला सुट्टी द्या."

मी केली. खोटं काय लपवायचं? दुपारी एक ते चार बसून मी पाच महिन्यांची वही लिहून काढली. शाई सारखी दिसू नये म्हणून तीन पेनं बदलली. दोन पानांवर चहाचे गोल डाग पाडले. एका कोपऱ्यात चुना चोळला. इतकं मन लावून केलेलं त्या कारखान्यातलं माझं हे एकमेव काम.

चार वाजता परत टाकीवर गेले. काका वाचायला लागले. सही करायच्या आधी पूर्ण वाचणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. ओठ हलवत, बोट फिरवत, एकेक पान. मी अर्धा तास कठड्यावर बसून होते.

"हितं तीस जानेवारीला टाकी साफ केली असं लिवलंय," ते म्हणाले. "मी त्या दिवशी रजेवर होतो. पुतणीचं लग्न."

"चालतं हो, काका."

"चालतं?"

"चालतं."

त्यांनी वही मिटली आणि शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. पिशवीत माझी तेरा पानांची पुस्तिका होती. घड्या पडून मऊ झालेली. ती त्यांनी पान सातवर उघडून माझ्यापुढे धरली.

"सही करतो. तुम्ही अडचणीत हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. फकस्त हे एवढं वाक्य तुमच्या हातानं खोडा आणि बाजूला सही करा. म्हंजे मला कळंल की हे आता लागू न्हाई."

ते उपहासाने बोलत नव्हते. नियम बदलला असेल तर तसं लिहून मिळावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी पेन उघडलं. त्या वाक्यावर टेकवलंही. माझी तत्त्वं वगैरे काही आडवी आली नाहीत. फक्त हात पुढे सरकेना. चौथी शिकलेला एक माणूस माझी झेरॉक्स पाच महिने छातीशी बाळगून हिंडत होता आणि मी ती खाडाखोड करायला निघाले होते. इतकी बावळट मी आयुष्यात कधी दिसले नसेन.

मी पेनाचं टोपण लावलं. "राहू द्या," म्हणाले आणि दोन्ही वह्या काखेत मारून निघून आले. खरी जाळली नाही आणि खोटीवर सही नाही. दोन्ही टेबलाच्या खणात कोंबल्या आणि उद्या ऑडिटर वह्या बघणारच नाही अशी देवाची प्रार्थना केली.

ऑडिटर गद्रे एसटीने आले. साहेबांनी स्टँडवर गाडी पाठवली होती, तिच्या शेजारून ते रिक्षात बसून कारखान्यात पोचलेसुद्धा. साठीचे, सडसडीत, पायात सँडल. त्यांच्या एका हातात ब्रीफकेस आणि दुसऱ्या हातात डबा बघून साहेबांचा चेहरा उतरला. साताऱ्याहून श्रीखंड-पुरीची ताटं मागवली होती.

गेटपासून ऑफिसपर्यंत नर्सरीतून भाड्याने आणलेल्या कुंड्या होत्या. कंपाउंडला लागून गुलमोहराची वीस रोपं. म्हणजे आदल्या दिवशी फांद्या तोडून जमिनीत खोचल्या होत्या.

"ही झाडं कधी लावलीत?" गद्र्यांनी विचारलं.

"गेल्या पावसाळ्यात," साहेब म्हणाले. "वृक्षारोपण हा आमचा विषयच आहे."

गद्र्यांनी एका झाडाला मायेने हात लावला. झाड त्यांच्या हातात आलं. त्यांनी ते उलटसुलट बघितलं आणि होतं त्याच भोकात परत नीट उभं केलं.

धुण्याच्या हौदांपाशी इंदूअक्का होत्या. त्यांना धोरण विचारल्यावर त्यांनी एका दमात सगळं म्हणून दाखवलं, कटिबद्धसकट. साहेब अभिमानाने फुलले.

"म्हणजे काय हो?" गद्र्यांनी विचारलं.

"ते तुम्ही गेल्यावर बघू," इंदूअक्का म्हणाल्या.

दुपारी ते माझ्या टेबलासमोर बसले. साहेब बाजूला. गद्र्यांनी आम्लतेचा तक्ता पुढे ओढला आणि पेन्सिलीने हळूहळू खाली येत गेले.

"सव्वीस जानेवारी. कारखाना चालू होता?"

"नाही, सर. सुट्टी."

"सात पूर्णांक दोन." पेन्सिल वर गेली. "दिवाळी पाडवा. सात पूर्णांक दोन. पाडव्याला ओवाळून झाल्यावर कोण आलं होतं मोजायला?"

मी तोंड उघडायच्या आत साहेब बोलायला लागले.

"त्याचं असं आहे, सर. टाकीवर एक खिलारे म्हणून माणूस आहे. अडाणी. थोडा पितोही. तो येऊन जे आकडे सांगतो ते आमच्या मॅडम लिहितात. त्या बिचाऱ्यांना काय माहीत? मी कालच ठरवलंय, उद्यापासून त्याला काढून टाकायचा."

हे सगळं त्यांनी एखाद्याला रस्ता सांगावा इतकं सहज सांगितलं. जोतीरामकाका सुपारीचं खांडही तोंडात टाकत नसत. आणि मला तर अलगद बाजूला काढलं होतं. मी फक्त बिचारी राहायचं होतं. बाकी सगळं आपोआप होणार होतं.

"नाही," मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"आकडे मी लिहिलेत. इथेच बसून. मी टाकीवर जातच नव्हते. खिलारे काकांनी मला कधी आकडा सांगितला नाही. त्यांनी जे सांगितलं ते यात आहे."

मी खण उघडला. हात आधी खोट्या वहीवर पडला, ती फुगलेली नव्हती म्हणून कळलं. ती बाजूला सारून मी खरी काढली आणि टेबलावर ठेवली.

गद्र्यांनी चौदाच्या चौदा नोंदी वाचल्या. साहेब मला डोळ्यांनी जाळत होते. मधेच एकदा ते म्हणाले, "सर, जेवणाची वेळ..." गद्र्यांनी नुसता हात वर केला. वाचून झाल्यावर त्यांनी वही माझ्याकडे फिरवली.

"खाली सही कुणाची?"

"माझी."

"वाचून केली होती?"

"नाही. कालच पहिल्यांदा वाचलं."

"बस झालं!" साहेब उभे राहिले. "मी हे ऑडिट थांबवतोय. आणि शेडगेबाई, तुम्ही उद्यापासून..."

"धुमाळसाहेब, बसा," गद्रे म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण साहेब बसले. "सकाळपासून मी तुमच्या फायलीत मैदा बघितला. बिनमुळांची बाग बघितली. या कारखान्यात खरी अशी ही एक वही निघाली, आणि तुम्ही तीच आणणाऱ्याला घालवताय. प्रमाणपत्र आज मिळणार नाही. मोठी त्रुटी आहे. नव्वद दिवसांत दुरुस्त करून दाखवलीत तर मी परत येईन. पण आधी तो व्हॉल्व्ह बंद होऊ द्या. कुलूप नाही, वेल्डिंग."

"उद्या करतो."

"माझी एसटी पाच वाजता आहे," गद्रे म्हणाले आणि त्यांनी डबा उघडला.

साडेतीन वाजता हिरव्या व्हॉल्व्हला वेल्डिंग झालं. सगळा कारखाना बघायला जमला होता. जोतीरामकाका सुट्टी दिलेली असूनही आले होते. ऑडिटच्या वेळी टाकीवरच्या माणसाने हजर राहावं असं पुस्तिकेत पान अकरावर होतं म्हणे. मला ते आठवत नव्हतं.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी सुरू झाली. व्हॉल्व्ह बंद, आणि टाकी दुपारपर्यंत काठोकाठ. क्रोमचं काम थांबवावं लागलं. साहेब माझ्याशी बोलत नव्हते, पण त्रुटीचा फॉर्म तर भरायला हवा होता, आणि तो मलाच यायचा. फॉर्मवर छापलं होतं : 'असे का झाले?' उत्तर लिहिलं की खाली परत : 'तसे का झाले?' असं पाच वेळा.

साहेबांनी पहिल्या ओळीत 'कामगाराचे अज्ञान' लिहायला सांगितलं. मी लिहिलं नाही. शेवटी त्यांनी काकांना आणि धुण्यावरच्या इंदूअक्कांना बोलावलं.

"व्हॉल्व्ह का उघडावा लागायचा?" साहेबांनी विचारलं.

"टाकी भरते म्हणून," काका म्हणाले.

"का भरते?"

"पाणी लई येतंय म्हणून."

"का येतं?"

"तोट्या धुवायचे नळ दिवसभर धो धो चालू असत्यात म्हणून."

"मग बंद का करत नाही?"

"कशाला करायचे?" इंदूअक्का म्हणाल्या. "तुमीच सांगितलंया, तोटी वाहत्या पाण्यात धुवायची."

नळ बनवणाऱ्या कारखान्यात नळ बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"वाहत्या पाण्यात धुतली नाही तर डाग राहतो," साहेब म्हणाले.

"काय राहत न्हाई," इंदूअक्का म्हणाल्या. "घरी मी भांडी कशी खळबळते? तीन टोपात. घाण सगळी पयल्या टोपात जाती, दुसऱ्यात थोडी, तिसऱ्यात काय उरतच न्हाई. पयलं पाणी खराब झालं की ते टाकायचं, दुसरं त्याच्या जागी, तिसरं दुसऱ्याच्या जागी, आणि नवीन फकस्त तिसऱ्यात. आमच्याकडं दोन हंड्यात सगळ्या घरचं भागतं. वाहत्या नळाखाली धुतली असती तर सासूनं मलाच खळबळून टाकली असती."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. ऑडिटनंतर पहिल्यांदाच. "होईल असं?"

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात हे होतं. आकृतीसकट. मला त्यात अठ्ठावीस मार्क पडले होते. "होईल," मी म्हणाले.

आठवड्याभरात तीन हौद उतरंडीने बसवले. पाणी पाचव्या हिश्श्यावर आलं. टाकी आता दुपारीही अर्धी रिकामी असायची. पहिल्या हौदातलं पाणी इतकं गडद पिवळं व्हायचं की ते परत क्रोमच्याच हौदात घालता यायला लागलं, म्हणजे जे विष ओढ्यात जात होतं ते तोट्यांवर चढायला लागलं. महागडं क्रोम कमी लागतंय हे कळल्यावर साहेबांना पर्यावरण पहिल्यांदा आवडलं.

ओढ्याची लगेच गंगा झाली असं नाही. वरच्या अंगाला आणखी दोन कारखाने होते आणि त्यांच्याकडे कुणी वही ठेवली नव्हती. पण आमच्या कुंपणाखालून तो पिवळा व्हायचा बंद झाला. साहेबांनी स्वतःहून माळवाडीच्या विहिरीचं पाणी तपासायला दिलं. स्वतःहून म्हणजे, फॉर्मवर तसा रकाना होता म्हणून. पाण्यात क्रोम निघालं. वस्तीला चार महिने आमच्या टँकरने पाणी द्यावं लागलं. वेळेवर जायचा टँकर, कारण त्याचीही वही होती आणि ती मी वाचत होते.

जूनमध्ये प्रमाणपत्र आलं. साहेबांनी तालुक्याच्या उद्योजक मेळाव्यात 'शाश्वत विकास आणि आमची पारदर्शकता' या विषयावर पाऊण तास भाषण केलं. कामगारांना निर्भयपणे लिहायचं स्वातंत्र्य आपण पहिल्यापासून दिलं होतं, असं त्यांनी सांगितलं. पहिल्या रांगेत इंदूअक्का बसल्या होत्या. त्यांना इतकी जोरात उचकी लागली की पाणी आणावं लागलं.

मला त्यांनी काढलं नाही. जर्मन लोकांना माझं नाव कळवलेलं होतं. मी तिथे आणखी तीन वर्षं होते. आता मी स्वतःच ऑडिट करत हिंडते, डबा बरोबर घेऊन. लोक या सगळ्याला कागदी घोडे म्हणतात, आणि बहुतेक ठिकाणी ते बरोबर असतं.

प्रमाणपत्र आलं त्या दिवशी मी पेढ्यांचा पुडा घेऊन टाकीवर गेले. काका पंपाशी काहीतरी करत होते. हात पुसून कठड्यावर बसले. मी पेढा दिला.

"काका, एक विचारू? ते सगळं लिहायला भीती नाही वाटली?"

"पयल्यांदा वाटली. लई वाटली," ते म्हणाले. "शनिवारी वही तुमच्याकडं गेली तेव्हा म्हणलं, आता काय खरं न्हाई. पण सोमवारी सही होऊन आली. 'पाहिले'. मग धीर आला. म्हणलं, बाईंनी वाचलंय. आता त्या वर भांडत असतील साहेबांशी. हे काय एका दिवसात होतंय? पुढच्या खेपेला परत लिवलं, परत सही आली. म्हणलं, एकटा न्हाई मी. म्हणून लिवत राहिलो. न्हाईतर माझ्यात कुठली एवढी हिंमत?"

पंपाचा एकसारखा आवाज येत होता. आणखी एक पेढा देऊन, हसून, निघून येता आलं असतं. त्यांना आयुष्यभर कळलं नसतं.

"काका, मी वाचत नव्हते."

"म्हंजे?"

"एकही नोंद वाचली नव्हती. नुसत्या सह्या करत होते. ऑडिटच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा वाचलं."

त्यांनी तोंडाशी नेलेला पेढा खाली घेतला. टाकीतल्या पाण्याकडे बघत राहिले.

"चौदाच्या चौदा?"

"चौदाच्या चौदा."

मला वाटलं, आता उठून जातील. मग त्यांनी पेढ्याचे दोन तुकडे केले आणि त्यातला मोठा माझ्या हातावर ठेवला.

"माझं अक्षर बी तसं वाईटच हाय, बाई," ते म्हणाले.